माझ्या नावावरचं पित्त

पुण्यातल्या निदान चाळीस माणसांना ठामपणे असं वाटतं, की अकरा वर्षांपूर्वी हिमालयात मला पित्त झालं, मी भर वाटेत डोकं धरून बसले, आणि माझ्यामुळे माझ्या थोरल्या भावाला खिंड न बघता परत यावं लागलं. या चाळीस माणसांत माझी वहिनी आहे, दादाच्या दुकानातले दोन नोकर आहेत, आमचे दातांचे डॉक्टर आहेत आणि मंडईत जिच्याकडून मी आलं-लिंबं घेते ती बाईसुद्धा आहे. एकदा लिंबं पिशवीत टाकता टाकता तिनं मला विचारलं, "आता बरं हाय का ताई पित्त?" मी "हो" म्हणाले. काय करणार? रस्त्यात उभं राहून किती जणांना किती वेळा सांगायचं, की बाई गं, मला आयुष्यात कधी पित्त झालेलं नाही. त्रास त्याला झाला होता, आणि ते पित्तही नव्हतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बुधवार पेठेत त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. वायरी, बटणं, दिवे, पंखे. गिऱ्हाइकाशी तो जेमतेम बोलतो. "पंखा आवाज करणार नाही ना?" असं कुणी विचारलं तर "आवाज हवा असेल तर रेडिओ घ्या" म्हणतो. गिऱ्हाईक तरीही पंखा त्याच्याकडूनच घेतं, कारण माल चोख असतो. आपलं म्हणणंही मालासारखंच चोख असतं अशी त्याची त्यामुळे समजूत झालेली आहे.

आणि पित्त ही त्याची खास मक्तेदारी. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. भूक लागली नाही तर पित्त, फार लागली तरी पित्तच. आमच्या वडिलांनाही ते होतं, त्यामुळे दादाला त्याचा थोडा अभिमानसुद्धा आहे. महिन्यातून एकदा सकाळी उठून तो तांब्याभर कोमट पाण्यात मूठभर मीठ घालतो, ते घटाघट पितो आणि मोरीत जाऊन घशात बोटं घालतो. याला आमच्याकडे पित्त पाडणं म्हणतात. पडलेलं पित्त पिवळं होतं की हिरवं, याची चर्चा नंतर पोहे खाताना होते. बाहेरच्या माणसाला किळस येईल, पण आम्ही हे लहानपणापासून बघत आलो, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी स्वतः अठ्ठावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी बाही वर करताना म्हणायचंच, "तसं पित्तच आहे हो, डॉक्टर उगाच तपासायला लावतात." मी मनातल्या मनात त्यांना हसायचे. म्हणजे पुढं मी जे केलं त्याला अडाणीपणाची सबबसुद्धा नाही.

दादा दर रविवारी सिंहगड चढतो. त्याच्यासारखेच आणखी सातआठ जण बरोबर असतात, मीही असायचे. सत्तावन्नाव्या वर्षी तो पायथ्यापासून पन्नास मिनिटांत वर पोचायचा आणि घड्याळ सगळ्यांना दाखवायचा. कुणी न विचारता दाखवायचा. तर या गटाच्या डोक्यात हिमालयात जायचं आलं, आणि दादा आपोआप म्होरक्या झाला. तयारी म्हणून तो तीन महिने पाठीवरच्या पिशवीत दुकानातली तांब्याच्या वायरीची बंडलं घालून गड चढला. "हिमालय म्हणजे काय, तीन सिंहगड एकावर एक," हे त्याचं वाक्य गटात पाठ झालं होतं. पहिल्या सिंहगडावर जेवढी हवा असते तेवढी तिसऱ्यावर नसते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

नेणाऱ्या मंडळींनी आम्हाला आधी एक पत्रक पाठवलं होतं. उंचीचा त्रास झाला तर काय होतं, ते त्यात लिहिलं होतं. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. दादानं ते दुकानात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "ही तर पित्ताची लक्षणं. हिंदीत छापलंय म्हणून भारी वाटतं एवढंच." सगळे हसले. मीही हसले.

वहिनीचे गुडघे दुखतात म्हणून ती येणार नव्हती. तिनं माझ्या हातात एक पिशवी दिली. आमसुलं, मोरावळा, आल्याच्या वड्या, सूतशेखरच्या गोळ्या आणि मीठ. मीठ वेगळं, पुडीत बांधून. "ह्यांच्या पित्ताकडे तेवढं बघा," ती म्हणाली. मी म्हटलं, बघते. आणि बघितलं ना! इतकं मनापासून बघितलं की माणूस हातचा जायची वेळ आली.

पहिले तीन दिवस झाडीतून वाट होती. आमचा गाइड तिथलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. दादाही कमी बोलणारा, तेव्हा दोघांचं जमेल असं मला वाटलं होतं. जमलं नाही. गाइड सारखा म्हणायचा, धीरे चलो, पानी पियो. दादाला धीरे चालण्यातच अपमान वाटायचा. चौथ्या दिवशी झाडं संपली आणि साडेबारा हजार फुटांवरच्या मुक्कामाला दादा सगळ्यांच्या आधी, अगदी गाइडच्याही आधी पोचला. आम्ही पोचलो तेव्हा तो तंबूपुढे बसून घड्याळ दाखवत होता. पण तोंड उतरलेलं होतं आणि समोरच्या खिचडीला त्यानं हात लावलेला नव्हता.

"डोकं चढलंय जरा," तो म्हणाला. "सकाळी चहा जास्त झाला. पित्त आहे."

झालं. निदान ठरलं, आता फक्त उपचार. अख्खा गट कामाला लागला. एकानं आमसूल चघळायला दिलं, दुसऱ्यानं आल्याची वडी. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्यात होते, त्यांना त्यांच्या साडूच्या पित्ताची समग्र हकीकत आठवली. सूतशेखर मी दिली. संध्याकाळपर्यंत दादाचं डोकं ठणकायलाच लागलं. दुसरा दिवस विश्रांतीचा होता. सकाळी उठून तो म्हणाला, "पाडल्याशिवाय जाणार नाही हे."

पाणी कोमट करून मी आणलं. त्यात पुडीतलं मीठ मी घातलं. तो तंबूमागे वाकला तेव्हा पाठ मी चोळली. हे तीनही उद्योग माझे, याच हातांचे. गटातले लोक अदबीनं थोडं लांब उभे होते.

"पडलं का?" बँकवाल्यांनी विचारलं.

"पडलं," मी म्हणाले.

"हिरवं?"

"पिवळं."

सगळ्यांना हायसं वाटलं. एकटा तिथला स्वयंपाकी पळी हातात धरून आमच्याकडे बघत राहिला होता. चार दिवस हे लोक आम्हाला पाणी प्या, पाणी प्या म्हणून मिनतवाऱ्या करत होते, आणि आम्ही माणसाच्या पोटात होतं नव्हतं ते सगळं पाणी समारंभानं बाहेर काढलं होतं.

घरी पित्त पडलं की दादा पंधरा मिनिटांत पोहे मागतो. इथं अर्ध्या तासानं त्यानं मला विचारलं, "आज वार कोणता?" मी सांगितलं. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं. मग तो बुटाच्या नाड्या बांधायला बसला आणि त्या बांधता येईनात म्हणून नाड्यांवरच चिडला. आयुष्य वायरींना गाठी मारण्यात गेलेला माणूस.

मी गाइडला बोलावून आणलं. त्यानं दादाकडे नीट बघितलं, तंबूची एक दोरी जमिनीवर सरळ पसरली आणि म्हणाला, "साहब, इसके साथ-साथ चलो. एड़ी के आगे पंजा."

दादानं दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला तो बाजूला कलंडला. बँकवाल्यांनी धरलं म्हणून बरं.

"बूट नवे आहेत," दादा म्हणाला.

त्यानं बूट काढले आणि मोज्यांवर चालून दाखवलं. पुन्हा कलंडला.

"जमीनच वाकडी आहे इथली."

गाइड म्हणाला, "साहब को अभी नीचे जाना है."

मग आमच्या लोकांनी त्या बिचाऱ्याला समजावण्याचं काम हाती घेतलं. "अरे भाई, वो पित्त है. उनको हमेशा होता है. पूना में भी होता है," बँकवाले म्हणाले. गाइडनं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो जे बोलला ते मी कधी विसरणार नाही. "पित्त है तो नीचे भी ठीक हो जाएगा. पित्त नहीं है, तो यहाँ मर जाएगा."

इतकं सरळ गणित. शाळेतलं पोरगंही सोडवेल. पण दादा म्हणाला, "मी कुठंही जाणार नाही. उद्या खिंड बघणार," आणि तंबूत जाऊन आडवा झाला.

मी आत गेले. आधी गोडीनं सांगितलं, मग वहिनीची शपथ घातली, मग ओरडले. "मर मग इथंच," असंही म्हणाले. त्याच्यावर काडीचा परिणाम नाही. डोळे मिटून तो एवढंच म्हणत होता, "माझ्यामुळे गट थांबणार नाही." गट थांबणार नव्हताच, गट बाहेर चहा पीत होता! सामान वाहणारी खेचरं शिधा आणायला खाली गेलेली, ती दुसऱ्या दिवशी परत येणार. म्हणजे त्याला खेचरावर बांधून न्यायचीही सोय नव्हती. जायचं तर त्याच्या स्वतःच्या पायांवर, आणि पाय तासातासाला निकामी होत चाललेले. मी बाहेर येऊन दगडावर बसले. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता.

गाइड माझ्याजवळ आला. "किसी की बात मानते हैं ये?" त्यानं विचारलं.

कुणाचं ऐकतो हा? वडिलांचं ऐकलं नाही, वहिनीचं ऐकत नाही, डॉक्टरांचं तर नाहीच. सांगून ऐकणाऱ्यातला माणूसच नाही. पण शेजारच्यांची आई पडली तेव्हा यानं दुकानाचं शटर खाली ओढलं होतं आणि चार दिवस दवाखान्यातल्या बाकावर काढले होते. नोकराच्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा भर दिवाळीत गल्ल्यावरून उठून गेला होता. दुसऱ्याला बरं नाही म्हटल्यावर या माणसाला बसवत नाही. ते आठवलं आणि मी उठले.

"दादा, मला कसंतरी होतंय," तंबूच्या तोंडाशी बसून मी म्हणाले.

त्यानं डोळे उघडले. "काय होतंय?"

"डोकं फुटतंय. मळमळतंय. चक्कर येतेय. डोळ्यांपुढे अंधारी येतेय." मी त्या पत्रकातली यादीच म्हणून दाखवली.

"पित्त आहे," तो म्हणाला.

"असेल. पण मला खाली जायचंय. मी जाते एकटी."

"एकटी?" तो उठून बसायला लागला. दोन प्रयत्नांत बसला. "एकटी कशी जाशील? अक्कल आहे का? माझे बूट कुठं आहेत?"

त्याच्या नाड्या मी बांधल्या. आजारी मी, आणि नाड्या मी बांधतेय, हे त्याच्या लक्षात आलं नाही. गटाच्या चेहऱ्यांवर मात्र स्पष्ट दिसत होतं, की एका बाईपायी म्होरक्याची खिंड बुडाली. बँकवाले तर जवळ येऊन म्हणाले, "ताई, सकाळी तुम्हीही पाडून घ्यायला हवं होतं." मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

आम्ही तिघं निघालो. गाइड पुढं, मी मधे, दादा माझ्यामागे. निघतानाच दादानं माझी पिशवी ओढून घेतली. स्वतःचा तोल सांभाळता येत नाही आणि हा माझी पिशवी घेणार! मी देईना, तो सोडेना. शेवटी गाइडनं दोघांच्याही पिशव्या आपल्या खांद्यावर टाकल्या. वाट दगडांची, निसरडी. दादा माझं कोपर धरून चालला होता. मला सावरायला त्यानं कोपर धरलं होतं, पण त्याचा सगळा भार माझ्यावर येत होता आणि मी हळूच कण्हत होते. नाटकाची सवय नाही, त्यामुळे कण्हणं जमेना. मधेच विसरले तर तो थांबायचा. पाऊण तासानं तो थांबलाच.

"तू आता बरी दिसतेस," तो म्हणाला. "तू जा त्याच्याबरोबर. मी वर जातो."

आणि वळलासुद्धा. मी मटकन खाली बसले आणि ओकारीचे असे काही आवाज काढले की गाइड दचकून मागं आला. दादा परत फिरला. "चल, चल," म्हणाला आणि पुन्हा माझं कोपर धरलं.

मग बरंच खाली उतरलो. एका ओढ्यापाशी उतार फार होता. तिथं मागून दादा म्हणाला, "अहो, हळू. पाय बघून टाका."

पुण्यात सख्ख्या भावानं बहिणीला 'अहो' म्हटलं की ती थट्टा असते. मला वाटलं, चला, टोमणे मारण्याइतकं डोकं ताळ्यावर आलं. मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "आपल्याबरोबर कुणी आलेलं नाही का?"

मी मागं वळून बघितलं. थट्टा करताना दादाचा डावा गाल थोडा वर जातो. तसं काही नव्हतं. दुकानात नवख्या बाईकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत होता.

"भाऊ आहे," मी म्हणाले.

"मग कुठाय तो?"

"पुढं गेलाय."

"असा कसा भाऊ?" दादा म्हणाला. त्याला खरोखर राग आला होता. "आजारी बाईमाणसाला टाकून पुढं जातो? भेटू दे, बोलतो मी त्याला."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? इतका वेळ मी मळमळीचं, डोकेदुखीचं सोंग करत होते, आता मला खरंच चालवेना. पण मी थांबले तर तो थांबेल, आणि थांबला तर संपलं, एवढं कळत होतं. मी चालत राहिले. तो माझं कोपर धरून, ओळखपाळख नसलेल्या बाईला सांभाळून नेत राहिला. घसरण आली की "जपून हं" म्हणायचा. त्या दीड तासात मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या दिल्या, आणि इतके नवस बोलले, की कुठल्या देवाला काय कबूल केलं ते मला आजही धड आठवत नाही.

झाडं लागली. मग आणखी खाली एक कुरण होतं, मेंढपाळांची एक झोपडी होती. अजून लख्ख ऊन होतं. गाइडनं दादाला बसवलं, गोड चहा पाजला. तासाभरानं दादानं आजूबाजूला बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काय गं, तुझं डोकं कसंय आता?"

'काय गं' ऐकलं आणि मी ओक्साबोक्शी रडायला लागले.

"एवढं दुखतंय?" तो म्हणाला. त्यानं खिशातून आमसूल काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "चोख. पित्त उतरेल."

मी ते आमसूल चोखलं.

दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत होता, मागून मागून वरणभात खाल्ला. गाइडनं जाताना मला एकटीला एवढंच सांगितलं, की आणखी चारपाच तास वर काढले असते तर त्यानं काही भरवसा दिला नसता. दादाला मी तेव्हा काही बोलले नाही. वाटलं, जिवावरचं टळलंय, पुण्याला गेल्यावर सावकाश सांगू. हीच माझी चूक. पुण्याला पोचायच्या आतच गाडीत गोष्ट तयार झाली होती. आणि पुढच्या रविवारी गडावर ती मी माझ्या कानांनी ऐकली. "मला थोडं पित्त होतं, ते मी सकाळीच पाडलं. पण हिला इतकं चढलं की आणावं लागलं खाली. चालायचंच. बहीण आहे."

चालायचंच! मी तिथल्या तिथं तोंड उघडलं असतं, पण तो इतक्या आनंदात दही खात होता की म्हटलं, जाऊ दे. जाऊ दे म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली. मधे दोनदा मी त्याला एकट्याला सांगायला बघितलं. एकदा "तुला त्या वेळी भ्रम होत असेल, पित्तात होतो" म्हणाला. एकदा गिऱ्हाईक आलं.

या वर्षी त्याची मुलगी, माझी भाची, ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींबरोबर हिमालयात निघाली. तिची खिंड आमच्याहून दोन हजार फूट उंच. निघायच्या आदल्या रविवारी दुपारी आम्ही सगळे दादाकडे जेवायला बसलो होतो. दादा पोळी मोडता मोडता तिला म्हणाला, "डोकं दुखलं की घाबरायचं नाही. पित्त असतं. कोमट पाण्यात मीठ घालायचं आणि पाडून टाकायचं."

"बाबा, चिल. आम्ही ऑक्सिमीटर घेतलाय," भाची म्हणाली.

"ते खेळणं राहू दे. मीठ घे बरोबर."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी बांधून ठेवलंय पुडीत. आणि आत्याला विचार, तिला झालं होतं."

माझ्या हातातली वाटी मी इतक्या जोरात ठेवली की आमटी सांडली.

"मला काहीही झालं नव्हतं," मी म्हणाले. आणि मग थांबलेच नाही. दोरी सांगितली, नाड्या सांगितल्या, गाइडचं गणित सांगितलं, माझं खोटं कण्हणं सांगितलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. "आणि ओढ्यापाशी तू मला 'अहो' म्हणालास," मी दादाला म्हणाले. "आपल्याबरोबर कुणी नाही का, म्हणून विचारलंस. भाऊ आहे म्हटल्यावर म्हणालास, असा कसा भाऊ, भेटू दे, बोलतो त्याला."

भाची हसली. मग बापाचं तोंड बघून गप्प झाली.

दादानं पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

"तू कोण ते मला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग मी खाली कशाला आलो?"

"बाई आजारी आहे म्हणून."

त्यानं यावर थोडा विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "बहीण आहे हे लक्षात राहिलं असतं, तर निम्म्यातून वर गेलो असतो."

मला वाटलं, हा माणूस सुधारायचा नाही, आता ताटावरून उठावं. पण तो मुलीकडे वळला होता. त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा लागला होता.

"डोकं दुखलं की खाली यायचं," तो म्हणाला. "त्याच दिवशी. कुणाशी वाद घालायचा नाही, पित्ताचं नाव काढायचं नाही. उतरायचं."

"हो बाबा."

"हो बाबा नाही. नीट ऐक. तिथं तुझ्याबरोबर आत्या नसेल."

अकरा वर्षं घासून पुसून ठेवलेली वाक्यं होती माझ्याकडे, त्यातलं एकही तोंडातून फुटेना, आणि याबद्दलसुद्धा मला दादाचाच राग आला.